चिमूटभर लोखंड

"कोरंच आहे, मॅडम," डिंपल म्हणाली आणि तिनं पडदा नाजमीनकडे वळवला.

जळगावच्या विद्यापीठातलं ते सूक्ष्मदर्शक डोळ्यांनी बघत नाही, सुईनं चाचपतं. अतिशय बारीक सुई सिलिकॉनच्या तुकड्यावरून फिरते, आणि जिथं उंचवटा लागेल तिथं पडद्यावर उजळ खूण उमटते. चित्र वरून खाली एकेक रेघ करत भरतं. ते भरताना नाजमीन श्वास धरून बसायची. आज अर्धं भरलं, पाऊण भरलं, पुरतं भरलं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता करडा रंग. सारवलेलं अंगण परवडलं, त्यात निदान बोटांच्या रेघा तरी दिसतात.

यंत्रच बिघडलं असेल अशी आशा नाजमीनला होती. डिंपल ते यंत्र चालवायची आणि तिच्या यंत्रावर कोणी शंका घेतली की तिचं नाक लाल व्हायचं. पण आज तिनं सरळ खणातून प्रेमराज सरांचा जुना तुकडा काढला आणि सुईखाली ठेवला. पहिल्या चार-दोन रेघांतच ठिपके दिसायला लागले. गोल, एकसारखे, खेटून बसलेले, कापडावर वाळत घातलेल्या साबुदाण्यासारखे. केसाच्या जाडीत हजारभर ओळीनं बसतील एवढे बारीक.

"सर असते तर म्हणाले असते, कडेला बघा," डिंपल बोलून गेली. नाजमीनला वाटलं, आपल्या पाठीशी कुणीतरी उभं आहे, हात मागे बांधून, जरासं वाकून. ती वळून बघणार नव्हती. तिनं तुकडे डबीत भरले आणि बसस्टँडचा रस्ता धरला.

प्रेमराज सर पौषात गेले. धुळ्याच्या गाडीची वाट बघत चाळीसगावच्या फलाटावर बसले होते, बसल्या बसल्याच मान कलली. धुळ्यातल्या एका कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, कुठल्या पॅनेलमधून निवडणूक लढवली नाही. खानदेशातल्या प्राध्यापकाला शोभणारं असं काहीच त्यांनी केलं नाही. कुठल्याशा बंद पडलेल्या प्रयोगशाळेतून त्यांनी एक जुनं यंत्र आणलं आणि आयुष्य त्याच्यापुढे बसून काढलं. त्या यंत्रात हवा उपसून काढलेल्या नळकांड्यात आयनांचा, म्हणजे विजेचा भार घेतलेल्या कणांचा, झोत सिलिकॉनवर सोडायचा. झोत पृष्ठभाग खरवडतो. खरवडल्यावर तो नुसता झिजावा, पण सरांच्या सिलिकॉनवर ठिपके उठायचे. कुणी काढलेले नाहीत, कुठला छाप मारलेला नाही. तापीच्या वाळूवर वारा लाटा उठवतो तसं. सिलिकॉनचा तो स्वतःचा गुण आहे, असं सरांनी लिहिलं होतं, आणि ते छापून आलं होतं. "आपोआप," हा शब्द ते असा उच्चारायचे, की समोरच्या पोरांना वाटावं हे एखाद्या लाडक्या पुतण्याचं नाव आहे.

नाजमीन त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती आणि त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे तास घेतला तर मॅडम, सुट्टी लागली तर घरी. तिचा प्रबंध याच ठिपक्यांवर उभा होता. नोंदणीची मुदत या वर्षी संपत होती, वाढवून मिळायची ती मिळून झाली होती. आणि सर गेल्यापासून ठिपका म्हणून उठत नव्हता. तोच झोत, तेच सिलिकॉन, तेवढाच वेळ, आणि तुकडा निघायचा कोरा.

प्रयोगशाळेतला शिपाई पुना याला कारण ठाऊक होतं. सर रुसले, एवढंच तो म्हणायचा, आणि रोज सकाळी यंत्रापुढे उदबत्ती लावायचा. नाजमीननं त्याला धुराबद्दल दोनदा रागावून पाहिलं, मग नाद सोडला. कारण खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. पंपाची घरघर सुरू झाली, काचेच्या खिडकीतून तो जांभळट उजेड दिसायला लागला, की तिला शेजारच्या रिकाम्या स्टुलावर सर जाणवायचे. ते बोलत नसत. नुसते बघत असत, आणि त्या बघण्याची तिला भीती वाटायची. सर जिवंत असताना त्यांची भीती अशी कधी वाटली नव्हती.

धुळ्याला मोहल्ल्यात तिचे अब्बा सरदार मिस्त्री खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनवायचे. त्या दुपारी ती जळगावहून घरी पोचली तेव्हा दुकानापुढे भांडण चाललं होतं. शेजारच्या शेटजींनी लग्नासाठी भिंतीला पांढरा रंग दिला होता, आणि भिंतीवर लाल-तपकिरी ठिपकेच ठिपके उठले होते. अब्बांनी उन्हाला कंटाळून ग्राइंडर शेटजींच्या सावलीत नेला होता. लोखंडाची फुलं, म्हणजे ठिणग्या, भिंतीवर उडाली, शेटजींच्या कूलरचं पाणी त्यांच्यावर पडलं आणि प्रत्येक कणाला गंज चढला. अब्बा म्हणत होते, भिंतच हलकी आहे. शेटजी म्हणत होते, भिंत माझ्या बापानं बांधलेली आहे. एरवी नाजमीन हसली असती.

ती मात्र भिंतीकडे बघत राहिली. ग्राइंडर होता त्या कोपऱ्यात ठिपके दाट होते. लांब जावं तसे विरळ होत गेले होते. पार पलीकडे भिंत पांढरी स्वच्छ होती.

कडेला बघा. सर नेहमी म्हणायचे. तुकड्याच्या मध्यावर ठिपके विरळ असायचे, कडेला भरगच्च. पेपरात छापलेली सगळी चित्रं कडेची होती. आणि कडेला काय होतं? कडेला ते कडं होतं.

सिलिकॉनचा तुकडा यंत्रात हलू नये म्हणून सर त्याच्यावर एक लोखंडी कडं बसवायचे. बोटभर जाड, आतून उतरतं, कधीकाळी इथल्याच लेथवर कातून घेतलेलं. झोत रुंद होता. तो सिलिकॉनवर पडायचा तसा कड्यावरही पडायचा, आणि कड्याचं लोखंड कणाकणानं उडून सिलिकॉनवर बसायचं. जिथं लोखंड बसलं तिथं झीज कमी, म्हणून तिथं उंचवटा. सिलिकॉनचा गुण कसला आलाय. सगळी त्या कड्याची करणी.

नाजमीन दुकानाच्या पायरीवर बसली. अब्बांनी भांडण अर्धवट सोडून पाणी आणून दिलं, ऊन लागलं का विचारलं. सरांचं सगळं आयुष्य ज्या एका शब्दावर उभं होतं तो शब्द खोटा असावा, आणि तो खोटा ठरवणारी आपण असावं, याचं तिला रडू येत होतं. आणि त्याहून वाईट प्रश्न पुढे होता. कडेला बघा असं सांगणाऱ्या माणसाला, कडेलाच का, हे कळलं नसेल?

खात्री करायची तर ते कडं हवं होतं. आणि कडं तिनंच देऊन टाकलं होतं.

सरांच्या दहाव्यानंतर त्यांची आई धुरपदाबाई कॉलेजात आली होती. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. लेकाचा रोज हात लागायचा अशी एखादी वस्तू दे, एवढंच तिनं मागितलं. खुर्ची कॉलेजची, संगणक सरकारच्या अनुदानातला, चष्मा दवाखान्यात हरवलेला. नाजमीननं इकडेतिकडे बघितलं आणि यंत्रातून कडं सोडवून म्हातारीच्या ओंजळीत ठेवलं. दुसरं कातून घेता येईल असा विचार तेव्हा केला होता. पुढे तुकडा चिकटपट्टीनंही बसतो असं दिसलं आणि कुणी दुसरं कडं केलंच नाही.

रविवारी ती शिरपूरची बस धरून निघाली. पुढे जीपनं गाव. धुरपदाबाईनं तिला ओळखलं, ओट्यावर बसवलं, माठातलं पाणी दिलं, आणि ती कशी आली हे विचारायच्या आधी जेवली का ते विचारलं. घर लहान होतं. आतल्या खोलीच्या कोनाड्यात देव होते. चांदीचे टाक ओळीनं मांडलेले, म्हणजे देवांचे आणि घरातल्या गेलेल्या माणसांचे छोटे पत्रे, सासऱ्यांचा, नवऱ्याचा. त्यांच्या शेवटी ते कडं होतं. राखेनं घासून लखलखीत केलेलं, वर हळदकुंकू.

वर्ष सरल्याशिवाय टाक घडवायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत होती. तोवर प्रेमराजची जागा मोकळी कशी ठेवायची, म्हणून तिनं कडं ठेवलं होतं. रोज सकाळी ते ती हातात घ्यायची, घासायची, आणि काल काय काय झालं ते त्याला सांगायची. हे सांगताना म्हातारीला लाज वाटली नाही, आणि नाजमीनला ते ऐकताना नवल वाटलं नाही. तीही रिकाम्या स्टुलाशी बोलत होतीच की.

आता देव्हाऱ्यातली वस्तू मागायची कशी? तीही आपण? नाजमीन बराच वेळ ओढणीचं टोक गुंडाळत बसली. मग तिनं एका दमात सांगितलं, की सरांचं काम अडलं आहे, त्या कड्यावाचून पुढे जात नाही.

"त्यानं काम थांबेल शे?" धुरपदाबाईनं विचारलं.

"हो, आजी."

"मंग लई जा. काम झायं का लई ये."

ती स्वतः उठली, कड्याला हात जोडले, आणि पदराच्या फडक्यात बांधून ते नाजमीनच्या हातात दिलं. त्या जागी तिनं एक सुपारी ठेवली.

कडं यंत्रात बसवण्याआधी पुसणं भाग होतं. नाजमीननं कापसाचा बोळा स्पिरिटात भिजवला आणि घासायला घेतलं. हळद निघाली, कुंकू निघालं, राखेची पुटं निघाली. एका म्हातारीचं सगळं बोलणं आपण पुसून काढतो आहोत, असं तिला वाटत राहिलं. पिवळे-लाल झालेले बोळे तिला कचऱ्याच्या टोपलीत टाकवेनात. तिनं ते कागदात बांधून पुनाकडे दिले आणि नदीत सोड म्हणाली. पुनानं का ते विचारलं नाही.

त्या आठवड्यात जळगावच्या पडद्यावर ठिपके उठले. डिंपलनं खुर्चीवरच एक गिरकी घेतली. धुळ्याला पुना म्हणाला, सर परतले, आणि विभागप्रमुख जितेंद्र सरांनी स्वतःच्या पैशानं पेढे मागवले. सगळे नाजमीनचं अभिनंदन करत होते. ती पेढा हातात घेऊन उभी होती. तो तुकडा कशाकशाचा बनलेला आहे हे सांगणारं दुसरं यंत्र जळगावात होतं. त्यातूनही तिनं तो काढला होता. लोखंड. थोडंसंच, पण ठिपका न् ठिपका त्याच्यावरच बसलेला. सरांचा जुना तुकडाही तिनं तपासला होता. त्यातही लोखंड.

जितेंद्र सरांना तिनं दार लावून सगळं सांगितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. प्रेमराज सरांबरोबर त्यांनी एका टपरीवर उभं राहून अर्धं आयुष्य चहा घेतला होता. ते म्हणाले, गेलेल्या माणसाला उकरून काय मिळणार? तुमचा प्रबंध होऊ द्या, लोखंडाचंही लिहा, खोटं लिहा असं मी म्हणणार नाही. फक्त सरांचं नाव त्यात आणू नका. कडं तुम्ही बसवलंत, ते तुमच्या लक्षात आलं, असं लिहा. जुनं छापलेलं जुन्या जागी पडून राहील.

नाजमीनला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा बरं वाटलं. सरांना झाकण्याची वाट सापडली होती. तिनं घरी बसून तसंच लिहिलंही. पण लिहिताना जिथं जिथं सरांचं नाव यायला हवं होतं तिथं तिथं तिचा हात अडला, आणि ती नजर मानेवर आली, पूर्वीहून जड. सर असताना ते तिच्या शेजारी होते, गेल्यावर पाठीमागे. आता ती त्यांना कुठंच जागा ठेवत नव्हती.

कडं परत द्यायला ती गेली तेव्हा धुरपदाबाई ओट्यावर कैऱ्या चिरत होती. तिनं विळी बाजूला सारली, हात धुतले, फडकं सोडलं. कडं हातात घेतल्याबरोबर तिचा अंगठा आतल्या बाजूला गेला. झोतानं तिथला चकचकीतपणा गेला होता.

"हाई आठे खरखरीत काबर व्हयनं?"

नाजमीननं ठरवलं होतं की यंत्रात थोडं झिजतं एवढंच सांगायचं. पण म्हातारीचा अंगठा तिथं फिरत होता, आणि तिला खोटं बोलता येईना. तिनं सांगितलं. सरांना वाटत होतं की ते ठिपके आपोआप उठतात. तसं नाही. या कड्याचं लोखंड चिमूटभर उडून त्यावर पडतं, म्हणून ते उठतात. ते नसलं तर काही होत नाही.

"म्हंजे इरजन लागस," धुरपदाबाई म्हणाली.

"हो, आजी. विरजण. दही आपलं आपणच लागतं, पण विरजणावाचून नाही लागत."

म्हातारीनं मान हलवली. तिला समजलं होतं, आणि समजल्यावर पुढचंही समजलं. "मंग तो चुकना."

"हो."

"त्याले माहीत व्हतं?"

या प्रश्नाचं उत्तर नाजमीननं स्वतःला किती तऱ्हांनी दिलं होतं. माहीत नव्हतं, म्हणून बिचारे. माहीत होतं, म्हणून लबाड. कळत होतं पण कबूल करायचं धैर्य नव्हतं, म्हणून माणूस. "मला नाही माहीत, आजी," ती म्हणाली. "मी रोज त्यांना विचारते. ते सांगत नाहीत."

धुरपदाबाई रस्त्याकडे बघत बसली. एक ट्रॅक्टर गेला, धूळ उडाली, खाली बसली. नाजमीन घाईघाईनं सांगायला लागली, की काळजी करू नका, सरांचं नाव मी कुठंच आणलेलं नाही. मी सगळं माझ्या नावावर लिहिलं आहे. त्यांना कुणी बोट लावणार नाही.

म्हातारीनं तिच्याकडे वळून पाहिलं. रागावली नव्हती, पण आवाज चढला.

"त्यानं नाव खोडू नको, माय. चूक बी त्यानीच शे. ती बी त्यानाच नाववर ऱ्हाऊ दे. दुसरं काय शे त्यानं?"

नाजमीनला ते आता लख्ख दिसलं. लेकरू नाही, घर नाही, जमिनीचा तुकडा चुलतभावाकडे. त्या माणसाचं या जगात जे काही होतं ते त्या एका चुकीत होतं, आणि आपण मोठ्या मायेनं तेवढंही काढून घेत होतो. पहिला ठिपका सरांना दिसला होता. तो चुकीच्या कारणानं दिसला, पण दिसला त्यांनाच. ते सगळं तसंच लिहायचं, त्यांच्या नावासकट. प्रबंध राहो की जावो. हे ठरलं तेव्हा तिला हायसं वाटलं नाही, फक्त मान थोडी हलकी झाली.

"लिहीन," ती म्हणाली.

धुरपदाबाईनं तिला आत नेलं. कोनाड्यासमोर आल्यावर कडं तिच्या पुढे धरलं आणि तूच ठेव म्हणाली. नाजमीन घुटमळली. आपला हात तिथं कसा लावायचा, तिला कळेना. म्हातारीनं वाट बघितली, मग तिचं मनगट धरून तो हात पुढे नेला. टाकांच्या ओळीच्या शेवटी कडं टेकलं. ते जरा तिरकं बसलं, पण दोघींपैकी कुणीच ते सारखं केलं नाही.

जीप यायला वेळ होता. नाजमीन ओट्यावर बसून राहिली. थोड्या वेळानं आतून घासल्याचा आवाज यायला लागला म्हणून तिनं डोकावलं. धुरपदाबाई कडं पुन्हा खाली घेऊन, जमिनीवर बसून राखेनं घासत होती आणि हळू आवाजात काहीतरी सांगत होती. कड्याची बाहेरची बाजू तिनं भराभर उजळून काढली. आतल्या खरखरीत जागी बोट आलं की मात्र तिचा हात थांबत होता. तिथं ती राख लावत नव्हती.